कायद्यात बसणारं नाव

उल्हास पोफळेने आयुष्यात एकदाही बॉसला न विचारता सुट्टी घेतली नव्हती, तरी त्याचं ठाम मत होतं की आपला जन्म नोकरीसाठी झालेला नाही. सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या दर चार मराठी घरांमागे असा एक माणूस निघतो. उल्हासमध्ये हे मत जरा जास्त दिवस राहिलं होतं, फ्रिजच्या मागच्या कप्प्यातल्या लोणच्यासारखं. खराब होत नाही, आणि कोणी वाढूनही घेत नाही.

पॅरामॅटातल्या एका बँकेच्या आयटी विभागात तो टेस्ट लीड होता. म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढायची आणि तिचा पगार घ्यायचा. सोळा वर्षं हे काम इतक्या निष्ठेने केल्यावर ते घरापर्यंत येणारच. लीनाने डिशवॉशर लावला की तो उघडून बघायचा, वाट्या अशा नाही, अशा ठेवायच्या असतात म्हणायचा, आणि सगळा पुन्हा लावायचा. डिशवॉशर रिकामा मात्र त्याने कधी केल्याचं लीनाला आठवत नव्हतं.

स्वतःचं काहीतरी करायचं हे त्याच्या डोक्यात पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाल्यापासून होतं. आधी मिसळीच्या मसाल्याचा धंदा झाला. त्याचा लोगो मेलबर्नच्या डिझायनरकडून आला, मसाला कुठूनच आला नाही. मग ड्रोनने घरांचे फोटो काढायचे ठरलं. तो ड्रोन पहिल्याच रविवारी शेजारच्या गम ट्रीमध्ये जाऊन बसला आणि कॉकाटू पोपटांनी त्याचे पंखे कुरतडून टाकले. मग मुलांसाठी वैदिक गणिताचा ऑनलाइन क्लास. दोन विद्यार्थी आले. त्यातली एक त्याचीच मुलगी उर्वी, आणि तिनेही तिसऱ्या आठवड्यात 'आय हॅव नेटबॉल' म्हणून नाव काढून घेतलं. गॅरेजमध्ये तिन्ही धंद्यांची व्हिजिटिंग कार्डं खोक्यांत पडलेली. लीना त्यांच्या मागच्या बाजूला वाणसामानाच्या याद्या लिहायची. जाड कागद, पेन छान चालायचं.

अशा माणसाने गेल्या जुलैत एक अमेरिकन वेबिनार बघितला आणि दुपारी तीन वाजता, मीटिंग चालू असताना म्यूटवर जाऊन, लीनाला फोन केला.

"नोट इन्व्हेस्टिंग," तो म्हणाला.

लीना तेव्हा ऑफिसात होती. ऑफिस पॅरामॅटातच, एका वकिलाकडे, ट्रेडमार्क आणि धंद्यांच्या नावांचं काम बघणारं. रिसेप्शनला लागली होती, चौदा वर्षांत तिथलं सगळ्यात जुनं माणूस झाली होती.

"संध्याकाळी सांग," ती म्हणाली.

संध्याकाळी त्याने सांगितलं. कोणीतरी बँकेकडून घरासाठी कर्ज घेतलेलं असतं. त्या कर्जाचा कागद म्हणजे नोट. माणूस हप्ते थकवतो, मग बँकेला तो कागद नकोसा होतो. आपण तो स्वस्तात विकत घ्यायचा. मग त्या माणसाने हप्ते भरले तर ते आपले. नाही भरले तर घर आपलं.

"म्हणजे सावकारी," लीना म्हणाली.

"सावकारी कशी होईल? सावकार कर्ज देतो. मी कुणाला एक पैसा देणार नाहीये. दिलेलं कर्ज विकत घेणार."

"म्हणजे सावकाराकडून सावकारी विकत घेणार."

"लीना, अगं, हा एक ॲसेट क्लास आहे."

घरं होती अमेरिकेत, ओहायोच्या लहानलहान गावांत. ती गावं उल्हासने पाहिली नव्हती, पाहायची गरज नव्हती, हेच तर त्यातलं सौंदर्य, असं वेबिनारवाल्याने सांगितलं होतं. भांडवल मात्र इथलं लागणार होतं. क्वेकर्स हिलच्या घराचं कर्ज बारा वर्षांत जवळजवळ फिटलं होतं, दोघांच्या पगारातून, निम्मं निम्मं. बँकेकडून त्यातले अडीच लाख डॉलर परत उचलता येत होते. त्या फॉर्मवर दोन सह्या लागत होत्या. एक उल्हासची आणि एक लीनाची.

आणि इथे लीनाच्या तोंडून ते वाक्य गेलं. ती डाळिंब सोलत होती, दिवसभर ऑफिसात डोकं पिकलेलं, भांडायची ताकद नव्हती. ती म्हणाली, "आधी नाव तरी ठरव. कायद्यात शंभर टक्के बसणारं. मग बघू."

"मग सही करशील?"

"करेन."

"उर्वी, ऐकलंस ना? मम्मा काय म्हणाली?"

"येप," उर्वी म्हणाली. तिच्या एकाच कानात इयरफोन होता, त्यामुळे साक्षीदार पक्का झाला.

लीनाचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. चौदा वर्षांत तिने एक पाहून ठेवलं होतं: ज्याच्याकडे विकायला काही असतं तो नावाला दहा मिनिटं लावतो. प्लंबर येतो, स्वतःच्या नावापुढे प्लंबिंग लिहितो, फी भरून जातो, बाहेर त्याची व्हॅन डबल पार्क केलेली असते. ज्याच्याकडे विकायला काही नसतं तो यादी घेऊन येतो. सहा पानी. प्रत्येक नावाचा अर्थ सांगतो. उल्हास तर टोस्टर घ्यायला तीन महिने लावणारा. नावाला जन्म जाईल, आणि जन्म गेला की सहीचा प्रश्न नाही.

तिच्या लक्षात आलं नाही ते एवढंच की दुसऱ्याच्या वस्तूत खोट काढणं हे एकच काम देवाने उल्हासला नीट दिलं होतं, आणि तिने नेमकं तेच त्याच्या हातात ठेवलं. जगातली सगळी नावं ही दुसऱ्याने बनवलेली वस्तू होती. पहिल्याच शनिवारी उल्हासने एक्सेल उघडलं.

शनिवारी सकाळी पोह्यांबरोबर नाव यायचं.

"विश्वास ट्रस्ट कॅपिटल," उल्हास म्हणाला.

"ट्रस्ट शब्द असा वाटेल तिथे नाही लावता येत. परवानगी लागते."

"का? मी विश्वासू नाही का?"

"तो प्रश्न सरकार विचारत नाही. मीही विचारत नाही. पोहे खा."

पुढच्या शनिवारी, "रॉयल नोट ग्रुप."

"रॉयलचंही तेच. बँकेचंही तेच. सरकारी काहीतरी आहे असं लोकांना वाटेल असला कुठलाच शब्द नको."

उल्हासने एक्सेलमध्ये नवीन कॉलम केला: मनाई असलेले शब्द. मग सह्याद्री आला. सह्याद्री नावाचं इथे इतकं काही होतं, रेस्टॉरंट, नाचाचा क्लास, सफाईवाले, ट्रेकिंगचा ग्रुप, की पश्चिम घाट उचलून पश्चिम सिडनीत आणून ठेवलाय असं वाटावं. मग 'सिक्युअर रिटर्न्स' आलं.

"यात सिक्युअर काय आहे?" लीनाने विचारलं.

"एक फीलिंग येतं."

"फीलिंग येतं आणि रिटर्न येत नाही, याला कायद्यात दिशाभूल म्हणतात."

"तुमच्या कायद्यात काही चांगलं नाहीच का?"

पुढे संस्कृत सुरू झालं. उल्हासला शाळेत संस्कृत नव्हतं, त्यामुळे त्याला ते फार आवडायचं. अर्थ, निधी, कोश, ध्रुव, अक्षय. मग ऑस्ट्रेलियाचं प्रेम दाटून आलं आणि वॉरटा, जकरांडा, बँक्सिया ही इथली झाडंफुलं. बँक्सिया हे झाड असलं तरी त्यात बँक आहे, त्यावर दोघांचा एक पूर्ण आर्वो, म्हणजे अख्खी दुपार, गेला. लीना प्रत्येक नाव ऑफिसच्या दोन्ही याद्यांत शोधायची, धंद्यांच्या नावांच्या आणि ट्रेडमार्कच्या, आणि जे खरं असेल तेच सांगायची. खोटं एकदाही बोलली नाही. बोलायची गरजच पडली नाही. माणसांनी जगातली बहुतेक बरी नावं वापरून टाकलेली आहेत.

मधल्या काळात धंद्याचं काय, तर काही नाही. कुठली नोट, कोणाची, तिकडचा वकील कोण, तिकडचे नियम काय, यातल्या एकाही प्रश्नाला एक्सेलमध्ये कॉलम नव्हता. कोणी विचारलं तर उल्हास म्हणायचा, "सध्या लीगल चालू आहे." मराठी मंडळाच्या कोजागिरीला हे वाक्य तो असं म्हणाला की दोघातिघांनी आदराने मागे सरकून त्याला खुर्ची दिली. कॅसल हिलच्या शंतनूने तर विचारलं, "मलाही घे ना यार, छोटा पार्टनर." शंतनू म्हणजे उल्हासचा जुना मित्र, ज्या गोष्टीत उल्हास पडतो तिच्या काठावर तो उभा राहतो, पाय न भिजवता.

फेब्रुवारीपर्यंत लीनाला हे सगळं करमणुकीचं वाटत होतं. फेब्रुवारीत तिने सहज त्या एक्सेलमध्ये डोकावलं आणि ती खुर्ची ओढून बसली. दोनशे सदतीस नावं होती. त्यातली दोनशे तीस लाल, सात तपासायची बाकी. का लाल, ते समोर लिहिलेलं, तिच्याच शब्दांत, तारखेसकट. मनाई असलेले शब्द, सारखे आवाज, आधीचे ट्रेडमार्क, दिशाभूल, सगळं त्याने तिच्याकडून शिकून घेतलं होतं. तिच्या ऑफिसातल्या नव्या वकिलाला येत नव्हतं इतकं नीट. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हा माणूस एक काम शेवटपर्यंत नेत होता, आणि त्या कामाच्या टोकाला तिचं घर होतं.

त्याच आठवड्यात बँकेचा फॉर्म फ्रिजवर आला, मॅग्नेटखाली. उल्हासची सही झालेली. लीनाची जागा रिकामी, आणि तिथे त्याने छोटा पिवळा स्टिकर लावलेला, बाण काढलेला, तिला सापडावी म्हणून.

मार्चच्या एका मंगळवारी लीना ट्रेनने घरी आली तर उल्हास तिच्या आधी आलेला, टेबलावर लॅपटॉप आणि काजूकतलीचा डबा.

"बस," तो म्हणाला. "उर्वी, तूही ये. फोन ठेव."

उर्वी फोन न ठेवता आली.

"नाव मिळालं. दोन्ही याद्यांत नाही. डोमेन मोकळं. मनाई असलेला एक शब्द नाही. दिशाभूल नाही. मी सगळं तीनदा तपासलं." त्याने लॅपटॉप फिरवला. "उर्वी नोट होल्डिंग्ज."

आपल्याकडे दुकानाला, ट्रकला, पिठाच्या गिरणीला मुलीचं नाव देतात. लक्ष्मी घरातलीच बरी, असा त्यामागचा विचार. उल्हासच्या गावी संगमनेरला बाजारपेठेत एका ओळीत पाच मुलींची नावं होती, आणि त्या पाचही मुली दुकानात पाय न ठेवता लग्न होऊन गेल्या होत्या. तेव्हा त्याला यात वावगं काही दिसलं नाही. उलट त्याचे डोळे जरा ओलावले होते.

लीनाने स्वतःच्या फोनवर शोधलं. एकदा, मग शब्द उलटसुलट करून. काही निघालं नाही. नाव स्वच्छ होतं.

"बरोबर आहे?" उल्हासने विचारलं.

"कायद्याने बरोबर आहे," ती म्हणाली.

"तेच तर." त्याने काजूकतलीचा डबा उघडला. "आणि हे बघ, पहिली नोटसुद्धा बघून ठेवलीये. अडतीस हजार अमेरिकन. बाई सात महिने हप्ता भरत नाहीये. आपण घेतली की पहिलं काम म्हणजे नोटिशीचं पत्र. टेम्प्लेट तयार आहे."

पत्रावर सगळ्यात वर, जाड अक्षरांत, उर्वी नोट होल्डिंग्ज. खाली, तीस दिवसांत रक्कम न भरल्यास घर ताब्यात घेण्यात येईल. शेजारच्या खिडकीत घराचा फोटो होता. ठेंगणं, पांढरं, आणि दारापर्यंत नव्या लाकडाचा उतार बांधलेला.

"डॅड, दॅट्स अ व्हीलचेअर रॅम्प," उर्वी म्हणाली.

"हो, तो काढायला पंधराशे लागतील. मी ते धरलेत."

"नो, आय मीन, देअर्ज समवन इन अ व्हीलचेअर."

"असेल. आपल्याला त्याचं काय करायचंय?"

उर्वीने पत्र पुन्हा वाचलं, ओठ हलवत. "सो शी गेट्स धिस, अँड इट सेज उर्वी."

"नुसतं उर्वी नाही, उर्वी नोट होल्डिंग्ज."

"डॅड. दॅट्स माय नेम." ती उठली. "आय डोन्ट वॉन्ट इट. लाइक, ॲट ऑल." आणि ती आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं.

"टीनेजर," उल्हास म्हणाला. "समजेल तिला मोठी झाल्यावर. तू सही कर." त्याने फ्रिजवरचा फॉर्म काढून लीनासमोर ठेवला. बाणाचा स्टिकर तिच्या बाजूला आला.

लीनाने पेन घेतलं. आठ महिने ती कायद्याच्या आडोशाला उभी होती, आणि तो आडोसा आता या माणसाने कॉलम कॉलम करून हलवला होता. नाही म्हटलं असतं तर भांडण, मग मंडळात चर्चा, मग तू शब्द दिला होतास, उर्वी साक्षीदार आहे. ते तिला जमलंही असतं. पण तिने नवऱ्याकडे नीट बघितलं, काजूकतली खाणाऱ्या त्या चेहऱ्याकडे, आणि तिला ऑफिसातली सगळ्यात साधी गोष्ट आठवली, जी रोज दहा प्लंबरांना ती सांगते.

"उल्हास, याहून सेफ नाव आहे."

"शक्य नाही. मी दोनशे सदतीस बघितलीत."

"तुझं. उल्हास पोफळे. स्वतःच्या पूर्ण नावाने धंदा केला तर नावाची नोंदणीच लागत नाही. फी नाही, कुणाशी टक्कर नाही, दिशाभूल तर नाहीच नाही. कायद्यात त्याहून पक्कं काही नाही."

उल्हास चावायचा थांबला.

"पत्रावर ते नाव टाक," लीना म्हणाली. "पूर्ण. छापून रविवारी या टेबलावर ठेव. मी तिथल्या तिथे सही करते. उर्वीसमोर."

"नक्की?"

"नक्की."

बुधवारी ट्रेनमध्ये तिने पुन्हा हिशेब मांडला. हे आपण काय बोललो. बारा वर्षांचे हप्ते, तिची अर्धी कमाई, तिने एका माणसाच्या भित्रेपणावर लावली होती. आणि समजा तो नसला भित्रा तर? आठ महिन्यांपूर्वीही तिने असंच त्याच्या आळशीपणावर पैज लावली होती आणि ती हरली होती. ऑफिसात पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते त्याचं नाव याद्यांत टाकून बघायचं. उल्हास पोफळे. शून्य. सारखं वाटणारं शून्य. जवळपासचं शून्य. चौदा वर्षांत इतकं मोकळं नाव तिने पाहिलं नव्हतं. अख्ख्या खंडात ते कुणी कशाला लावलं नव्हतं.

घरी उल्हास त्या नावात खोट काढत होता. हे मात्र त्याला अवघड जात होतं, कारण ही वस्तू दुसऱ्याने बनवलेली नव्हती.

बुधवारी तो म्हणाला, "अमेरिकन लोकांना पोफळे म्हणता येणार नाही."

"त्यांनी म्हणायचं नाहीये. वाचायचंय."

गुरुवारी म्हणाला, "प्रोफेशनल वाटत नाही. होल्डिंग्ज असलं की एक वजन येतं."

"मग लाव. पूर्ण नावापुढे लाव. नोंदणी मी स्वतः करून देते, फुकट."

शुक्रवारी त्याने शंतनूला फोन केला, मागच्या अंगणात, पण स्पीकरवर, कारण कानाला फोन लावला की त्याला उकडतं. लीना धुतलेले कपडे वाळत घालत होती. चादरीच्या पलीकडून तिला सगळं ऐकू येत होतं.

"तुझं स्वतःचं नाव?" शंतनू म्हणाला. "नको रे, पागल आहेस का. लोकांना कळेल ना तूच आहेस ते."

"कळलं तर काय?"

"काय म्हणजे? ती बाई गुगल करेल. तुझा लिंक्डइन येईल, ब्लेझरवाला फोटो. मंडळाच्या वेबसाइटवर खजिनदार म्हणून तुझा नंबर आहे. उचलेल फोन आणि करेल तुला."

"करेल का?"

"मी केला असता."

उल्हास म्हणाला, "आणि मी तिच्याशी काय बोलणार?"

"तेच तर म्हणतोय. म्हणून तर लोक होल्डिंग्ज लावतात, मेट."

आठ महिन्यांत नवऱ्याने विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न होता. चादरीआड लीनाचे हात थांबले. वाटलं, आता हा त्या प्रश्नाच्या मागे जाईल. तो तिथून सरळ पाइप घेऊन लॉनला पाणी घालायला गेला. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला होता.

रविवारी जेवण झाल्यावर लीनाने टेबल पुसलं, फॉर्म ठेवला, पेन ठेवलं, उर्वीला हाक मारली. उल्हास प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आला. त्याने पत्र काढून ठेवलं. वर जाड अक्षरांत होतं, यू. पी. नोट होल्डिंग्ज.

"हे काय?"

"माझंच नाव. इनिशियल्स. एवढं चालतं की."

"पूर्ण म्हणाले होते."

"लीना, तत्त्व एकच आहे."

"तत्त्व एकच आहे तर पूर्ण लिही."

"ओके. नो वरीज." तो हसला. लॅपटॉपवर काहीतरी बदललं, बटण दाबलं. कोपऱ्यातला प्रिंटर जागा झाला, कण्हला, आणि एक कागद बाहेर आला. लीनाच्या हातात पेन होतं आणि त्या पेनचं टोपण ती काढत होती, लावत होती. उल्हास उठून प्रिंटरपाशी गेला. कागद उचलला. तिथेच उभा राहून वाचला. पत्र चार ओळींचं होतं, त्याने ते बराच वेळ वाचलं. पाठ त्या दोघींकडे होती. लीनाला त्याच्या टकलाच्या कडेचे केस दिसत होते, परवाच कापलेले, आणि तिला दिसत होतं की हा आता वळेल आणि कागद आणून ठेवेल, आणि मग आपल्याला सही करावी लागेल.

"डॅड?" उर्वी म्हणाली.

"नीट नाही आलं," उल्हास म्हणाला. "शाई कमी आहे."

त्याने कागदाची घडी घातली, आणखी एक घातली. "नवीन कार्ट्रिज आणायला लागेल. उद्या बघतो."

"बरं," लीना म्हणाली. तिने पेनला टोपण लावलं.

उद्या कार्ट्रिज आलं नाही. मंगळवारी रीसायकलिंगचा डबा बाहेर काढताना तिला तो कागद मिळाला, दोन घड्यांचा. तिने उघडला. उल्हास पोफळे, काळंभोर, ठसठशीत, कुठे एक टिंब फिकं नाही. तिने तो परत डब्यात टाकला, आणि आत येऊन फ्रिजवरचा फॉर्म काढून त्याच्यावर टाकला. उल्हासने तो कुठे गेला ते विचारलं नाही.

घर वाचलं. कशाने वाचलं हे लीना कुणाला सांगू शकली नसती. त्या ओहायोच्या बाईची दया येऊन तो थांबला असता तर तिने त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं असतं. त्याला त्या बाईचं काही नव्हतं. रॅम्पचे पंधराशे त्याने शेवटपर्यंत धरलेले होते. त्याला फक्त आपण कोण ते कळू द्यायचं नव्हतं, आणि अशा माणसाबरोबर तिने सतरा वर्षं एका जॉइंट अकाउंटमध्ये काढली होती.

पंधरा दिवसांनी शंतनूकडे कॅसल हिलला जेवण होतं. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा, लीनाने छोले नेले होते. बार्बेक्यूपाशी पुरुषांचा घोळका होता, तिथून कोणीतरी विचारलं, "काय उल्हास, नोटचं कुठपर्यंत आलं?"

"सोडलं यार," उल्हास म्हणाला. हातातला चिमटा त्याने जरा खाली घेतला. "सगळं तयार होतं. लीगल क्लिअर. नाव, डोमेन, पहिली डील. पण लीनाला रिस्क नको होती. सही लागते ना दोघांची."

"बायका असतातच जरा कॉशस," शंतनू म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं.

"असू दे. घर महत्त्वाचं. मी फोर्स नाही करत."

आजूबाजूच्या दोघींनी लीनाकडे बघितलं, एकीने कीव करत, एकीने जरा रागाने. उर्वी समोर बसली होती. तिने तोंड उघडलं. लीनाने तिच्या ताटात पापड ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

"हो," लीना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मीच नाही म्हटलं."

परतताना गाडी तीच चालवत होती. मागे उर्वी झोपली होती किंवा तसं दाखवत होती. सिग्नलला थांबल्यावर लीना म्हणाली, "माझ्यावर ढकलायचं काही कारण नव्हतं."

उल्हास खिडकीबाहेर बघत होता. "मग काय सांगायला हवं होतं?" तो म्हणाला. "शाई संपली?"

लीनाने त्याच्याकडे बघितलं. तो अगदी मनापासून विचारत होता, चार माणसांत यातलं कुठलं जास्त चांगलं दिसलं असतं ते. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, आणि तिने गाडी पुढे काढली.